उत्तर बरोबर, पायऱ्या कुठे?

नववीच्या वर्गात गणिताची घटक चाचणी झाली. त्यातलं एक उदाहरण असं होतं: एका वाडीवर शेळ्या आणि कोंबड्या मिळून ३५ डोकी आहेत आणि पाय आहेत ९४, तर शेळ्या किती आणि कोंबड्या किती? वर्गात शिकवलेली रीत ठरलेली. शेळ्या एक्स मानायच्या, कोंबड्या वाय मानायच्या, दोन समीकरणं मांडायची आणि सोडवायची. एका मुलीने मात्र उत्तरपत्रिकेत फक्त एक ओळ लिहिली: शेळ्या १२, कोंबड्या २३. बाईंनी चारांपैकी एक गुण दिला आणि लाल शाईने शेरा मारला, "पायऱ्या कुठे?"

मुलगी पेपर घेऊन टेबलापाशी गेली.

"बाई, उत्तर बरोबर आहे ना?"

"उत्तर बरोबर आहे. रीत कुठाय?"

"रीत लागलीच नाही. सगळ्यांनी दोन-दोनच पाय टेकलेत असं धरलं तर ७० पाय होतात. उरले २४. ते शेळ्यांचे, म्हणून शेळ्या १२."

"पुस्तकात अशी रीत दिलीय का?"

"पुस्तकातली फार लांबलचक आहे. उगाच वेळ जातो."

मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं. बाईंचा चेहरा बदलला. "फार शहाणी झालीस. जागेवर जाऊन बस."

प्रसंग प्रातिनिधिक आहे, पण शाळेत वावरलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. पुढे काय होतं तेही ओळखीचं आहे. स्टाफरूममध्ये मुलगी 'आगाऊ' ठरते, घरी जेवताना बाई 'पुस्तकापलीकडे काही येत नसलेल्या' ठरतात. महिन्याभरात मुलगी हात वर करायचं बंद करते आणि बाई तिच्याकडे बघायचं बंद करतात. दोघींचंही नुकसान होतं, आणि ते कुठल्याही प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

या प्रकरणात आपल्याला पाहायचं आहे ते हेच: असामान्य बुद्धीचं मूल आणि त्याचे शिक्षक यांच्यात ठिणगी का पडते, आणि ती विझवून दोघांचं काम पुढे कसं चालू ठेवायचं.

एका भांडणात तीन भांडणं

वरच्या संवादात एकच वाद दिसतो, पण त्यात तीन वेगवेगळे वाद गुंतलेले आहेत.

पहिला वाद विषयाचा आहे. उत्तर बरोबर आलं असेल तर रीत दाखवायची गरज असते का? हा गणितातला खरा आणि जुना प्रश्न आहे. दुसरा वाद नियमाचा आहे. परीक्षेत पायरीला गुण असतात, उद्या बोर्डाचा पेपर तपासणारा परीक्षक या मुलीला ओळखत नसेल, आणि बाईंना ते माहीत आहे. तिसरा वाद मानाचा आहे. मुलीला वाटलं, माझ्या डोक्याची किंमत केली नाही. बाईंना वाटलं, भर वर्गात माझी किंमत केली नाही.

पहिला वाद विचाराने सुटतो, दुसरा माहितीने आणि तिसरा फक्त वागण्याने. अडचण अशी की भांडण पेटतं तेव्हा तिसरा वाद पहिल्या दोन्हींना गिळून टाकतो. बाई नियमाचं कारण न सांगता नियम दाखवतात, कारण आता प्रश्न मानाचा झालेला असतो. मुलगी आपली युक्ती नीट समजावून न सांगता पुस्तकाला नावं ठेवते, कारण तिचाही प्रश्न मानाचाच झालेला असतो. म्हणून समेटाची सुरुवात हे तीन धागे वेगळे करण्यापासून होते. माझं या प्रकरणातलं म्हणणं एवढंच आहे: शिक्षकाने आपल्या मागणीमागचं कारण उघड सांगावं आणि विद्यार्थ्याच्या कुवतीची दखल त्याआधी घ्यावी. हा क्रम पाळला तर बहुतेक भांडणं मिटतात. तो उलटा झाला, तर बरोबर असलेली मागणीही जाच वाटते.

हुशार मूल अडतं कशापायी

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अतिशय उच्च बुद्ध्यंकाच्या मुलांचा वर्षानुवर्षं जवळून अभ्यास केला. साधारण १४० बुद्ध्यंकाच्या मुलाचा नेहमीच्या वर्गातला अर्धा वेळ वाया जातो आणि १७० च्या वरच्या मुलाचा जवळजवळ सगळाच, असं त्यांचं निरीक्षण होतं. असं मूल रोज पाच-सहा तास, समजलेलं पुन्हा समजावून घेत बसलेलं असतं. कधी ते खिडकीबाहेर बघतं, कधी शेजाऱ्याच्या खोड्या काढतं, कधी शिक्षकांची चूक पकडायची वाट बघतं. वर्गात तेवढंच एक काम त्याच्या डोक्याला पुरेल असं उरलेलं असतं.

दुसरं कारण वाढीच्या असमतोलाचं. चौदा वर्षांच्या मुलीची गणिताची समज कॉलेजच्या मुलासारखी असू शकते, पण अपमान झाल्यावर येणारं रडू चौदा वर्षांच्याच मुलीचं असतं. शिक्षक तिच्या बोलण्यातली प्रौढ धार ऐकतात आणि प्रौढासारखी जबाबदारी तिच्याकडून मागतात. पण आपलं बरोबर असलेलं मत समोरच्याला न दुखवता कसं मांडावं, ही वेगळी विद्या आहे. ती बुद्धीबरोबर आपोआप येत नाही, शिकवावी लागते. इतरांचा मंदपणा कडवट न होता सोसायला शिकणं हा या मुलांच्या शिक्षणाचा मोठा भाग आहे, हेही हॉलिंगवर्थ यांनी आग्रहाने मांडलं होतं.

आता शिक्षकांची बाजू. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरलं आहे, पण प्रत्यक्षात एका तुकडीत त्याहून कितीतरी जास्त मुलं बसलेली अनेक शाळांत दिसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना समीकरण म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची असते. अभ्यासक्रम ठरलेल्या तारखेला संपवायचा असतो. अशा वर्गात एक मूल 'हे कशाला?' असं विचारतं, तेव्हा त्या प्रश्नाला द्यायला दोन मिनिटंही हाताशी नसतात. बाईंच्या आवाजातला वैताग बहुतेक वेळा त्या मुलावरचा नसतो, त्या वेळेच्या ओढाताणीतला असतो. मुलांना हे कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रात या विषयावरची सर्वांत लाडकी गोष्ट लहानग्या टिळकांची आहे. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. पिढ्यानपिढ्या ती मुलाच्या बाणेदारपणासाठी सांगितली जाते आणि तिथेच थांबते. त्या शिक्षकांनी मग काय करायला हवं होतं, हे आपण क्वचितच विचारतो. संपूर्ण वर्गाला सरसकट शिक्षा देणाऱ्या गुरुजींना एका मुलाने न्यायाचा मुद्दा दाखवून दिला, तर तो मुद्दा मान्य करूनही वर्ग स्वच्छ करून घेता आला असता. गोष्टीचा हा राहिलेला अर्धा भाग शिक्षकांच्या कामाचा आहे.

केंब्रिज आणि मद्रास: पाच पत्रं

'पायऱ्या कुठे?' या वादाचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण श्रीनिवास रामानुजन आणि केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांचं आहे. आपण त्यांच्याकडे एक अद्भुत मैत्री म्हणून बघतो. पण त्या मैत्रीच्या तोंडाशीच एक रुसवा होता, आणि तो कसा दूर झाला हे त्यांच्या पत्रांतून पायरीपायरीने पाहता येतं.

रामानुजन यांचा शाळा-कॉलेजांशी आधीच एक सामना होऊन गेला होता. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. गणितापुढे बाकीचे विषय त्यांनी सोडूनच दिले, इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजातून पुन्हा प्रयत्न केला, तरी एफ. ए. ची परीक्षा पार झाली नाही. शेवटी पोर्ट ट्रस्टमध्ये ते कारकून झाले. तिथून १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी ट्रिनिटी कॉलेजच्या हार्डींना पत्र पाठवलं. सोबत शंभराच्या वर निष्कर्षांची यादी होती आणि सिद्धता जवळपास नव्हत्याच. त्याआधी केंब्रिजच्या दोन नामवंतांनी त्यांना दाद दिली नव्हती.

हार्डींचं उत्तर ८ फेब्रुवारीचं. त्यांनी आधी लिहिलं की तुमच्या कामात मला विलक्षण रस वाटला. मग निष्कर्षांचे तीन गट पाडले: आधीपासून माहीत असलेले, नवे पण मुख्यतः चमत्कृतीपुरते, आणि नवे व महत्त्वाचे. मग सिद्धता मागितल्या. रामानुजन यांनी २७ फेब्रुवारीला उत्तर दिलं, पण सिद्धता पाठवल्या नाहीत. त्यांचा सूर असा होता: माझी पद्धत एकदम सांगितली तर तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवाल, आधी माझे निष्कर्ष आकडे घालून पडताळून पाहा, ते जुळले तर माझ्या पद्धतीच्या मुळाशी काही तथ्य आहे एवढं तरी मान्य करा. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाने माझी काही किंमत आहे असं म्हणणं, ही माझी आजची गरज आहे. याच पत्रात त्यांनी आपल्या अर्धपोटी अवस्थेबद्दलही लिहिलं.

दोघांची भूमिका आता स्पष्ट झाली होती. हार्डी म्हणत होते, आधी सिद्धता. रामानुजन म्हणत होते, आधी दखल. नववीच्या वर्गातल्या त्या दोघींचंही हेच चाललं होतं.

इथे गैरसमज शिरला. हार्डींचे सहकारी लिटलवुड यांना शंका आली की आपलं काम कोणी ढापेल या भीतीने हा मुलगा सिद्धता लपवत असावा. पुष्कळ शिक्षक अशी शंका मनात ठेवतात आणि वागणूक बदलतात. हार्डींनी ती पत्रात सरळ लिहून टाकली. २६ मार्चच्या पत्रात त्यांनी रामानुजन यांना सांगितलं की तुमचे निष्कर्ष काय आहेत हे स्पष्ट लिहिलेली माझी पत्रं तुमच्या हाती आहेत, तुमची पत्रं मी इतर गणितज्ञांनाही दाखवली आहेत. मी तुमच्या कामाचा गैरफायदा घेतला तर मला उघडं पाडणं तुम्हाला अगदी सोपं आहे. आपल्या मनातली शंका त्यांनी बोलून दाखवली आणि त्याच वाक्यात आपल्याविरुद्धचा पुरावा समोरच्याच्या हातात ठेवला.

रामानुजन यांचं १७ एप्रिलचं उत्तरही तितकंच सरळ आहे. लिटलवुड यांच्या सांगण्यावरून तुम्ही जे लिहिलंत त्याने मला थोडं दुःख झालं, असं त्यांनी लपवलं नाही. माझी पद्धत कोणी वापरेल याची मला मुळीच धास्ती नाही, आठ वर्षं ती माझ्याजवळ पडून आहे आणि तिची कदर करणारा कोणी मिळाला नाही. तुमच्या रूपाने सहृदय मित्र मिळाला आहे, तेव्हा जे काही माझ्याजवळ आहे ते तुमच्या हाती द्यायला मी तयार आहे. इथे रुसवा संपला. दोन खंडांमधल्या बोटीच्या टपालाने, तीन महिन्यांत.

या पत्रव्यवहारातली तीन वळणं कोणत्याही शिक्षकाने टिपून ठेवावीत अशी आहेत. हार्डींनी मागणी करण्याआधी कौतुक केलं, आणि ते मोघम नव्हतं. कोणता निष्कर्ष कुठल्या गटात बसतो हे सांगणारं होतं. मनातला संशय त्यांनी कुजवला नाही. आणि सिद्धतेची मागणी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

मोडू न देता शिकवणं

एप्रिल १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला पोहोचले, तेव्हा खरी परीक्षा हार्डींची सुरू झाली. या माणसाचं ज्ञान जितकं खोल होतं तितक्याच त्यात मोठ्या पोकळ्या होत्या. मूळ संख्यांबद्दलचे त्यांचे काही निष्कर्ष चुकीचे होते. अंतःप्रेरणा तिथे फसली होती आणि ती का फसली हे फक्त सिद्धतेच्या वाटेने कळत होतं.

हार्डींनी पुढे लिहून ठेवलं आहे की अशा माणसाला पहिल्यापासून पद्धतशीर धडे गिरवायला लावणं अशक्य होतं. नको त्या गोष्टींचा फार आग्रह धरला असता तर त्यांचा आत्मविश्वास ढासळला असता. पण काही गोष्टी त्यांना माहीत नसणं हेही चालण्यासारखं नव्हतं. लिटलवुड यांनी एखादा विषय शिकवायला घ्यावा तर रामानुजन यांच्याकडून इतक्या नव्या कल्पनांचा पूर यायचा की धडा बाजूलाच राहायचा. म्हणून हार्डींनी निवड केली: जे आलंच पाहिजे तेवढंच शिकवायचं, आणि तेही चालू असलेल्या संशोधनाच्या ओघात. त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं की या काळात रामानुजन माझ्याकडून जेवढं शिकले त्याहून कितीतरी जास्त मी त्यांच्याकडून शिकलो.

केंब्रिजमधलाच आणखी एक लहान प्रसंग सांगितला जातो. गणिताचे अध्यापक आर्थर बेरी तासाला फळ्यावर सूत्रं मांडत होते. रामानुजन यांचा चेहरा उजळलेला त्यांना दिसला. काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. रामानुजन उठून फळ्यापाशी गेले आणि बेरींनी अजून सिद्ध न केलेले निष्कर्ष त्यांनी लिहून दाखवले. बेरींनी विचारलं नसतं, तर ते निष्कर्ष त्या तासाला रामानुजन यांच्या मनातच राहिले असते.

या शिकवण्याचं फळ १९१८ साली दिसलं. एखादी संख्या धन पूर्ण संख्यांच्या बेरजेने किती प्रकारे लिहिता येते, हा प्रश्न दोघांनी घेतला. ४ ही संख्या पाच प्रकारे लिहिता येते: ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. संख्या मोठी होत गेली की प्रकार भराभर वाढतात; २०० साठी ते ३९,७२,९९,९०,२९,३८८ होतात. गणितज्ञ मेजर मॅकमहॉन यांनी हा आकडा चिकाटीने हाताने मोजून काढला होता. हार्डी-रामानुजन यांच्या सूत्राने तो बिनचूक मिळाला. असं सूत्र असलं पाहिजे ही झेप आणि ते सिद्ध करणारी शिस्त, दोन्ही नसती तर हे काम झालं नसतं. त्याच वर्षी रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

झुरिच: न मिटलेलं भांडण

समेट झाला नाही तर काय होतं, हे त्याआधीच्या झुरिचमध्ये दिसतं. १८९५ साली सोळा वर्षांचा आइनस्टाइन तिथल्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला, तेव्हा भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाइनरिक वेबर यांनीच त्याला, इथे राहिलास तर माझ्या व्याख्यानांना बसू शकतोस, असं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाल्यावर सुरुवातीला तोही वेबर यांच्या व्याख्यानांवर खूश होता. म्हणजे आरंभ दोन्ही बाजूंनी चांगला होता.

मग तक्रारी साचत गेल्या. मॅक्सवेलचा विद्युत-चुंबकत्वाचा नवा सिद्धांत वेबर शिकवत नव्हते, म्हणून आइनस्टाइन तास बुडवून तो घरी वाचू लागला. 'प्रोफेसर' हा रिवाजाचा शब्द टाळून तो त्यांना नुसतं 'हेर वेबर' म्हणायचा. तू हुशार आहेस, पण कोणाचं काही ऐकून घेत नाहीस, अशी वेबर यांची त्याच्याविषयीची तक्रार होती. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या प्राध्यापकांनी त्याच्यावर कामचुकारपणाची लेखी समज आणवली. १९०० साली पदवी मिळाली, पण बरोबर पास झालेल्या मित्रांना तिथेच साहाय्यकाच्या जागा मिळाल्या आणि त्याला मिळाली नाही. १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी लागेपर्यंत तो शिकवण्या करत होता.

आइनस्टाइन पुढे मोठा झाला म्हणून ही हकीकत गोड मानायचं कारण नाही. वेबर यांना आपल्या हयातीतला सर्वांत मोठा विद्यार्थी गमवावा लागला. आइनस्टाइनची उमेदीची दोन वर्षं पोटापाण्याच्या वणवणीत गेली. त्याच्याएवढी जिद्द किंवा त्याच्यासारखे मित्र नसलेली मुलं अशा भांडणातून कुठे गेली, याची नोंद कुठेच होत नाही. नव्या सिद्धांतावर एक चर्चेचा तास आणि एक आदराचं संबोधन, एवढ्याने हे भांडण कदाचित टळलं असतं.

उलट उदाहरण जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचं. सातव्या वर्षी, पुढे थोर गणितज्ञ झालेला गाउस ज्या शाळेत गेला तिथले ब्यूटनर गुरुजी छडीसाठी प्रसिद्ध होते. पण या पोराला आपल्याकडचं पुस्तक पुरत नाही हे कळल्यावर त्यांनी हॅम्बुर्गहून अंकगणिताचं वरच्या पातळीचं पुस्तक मागवलं, आणि आपल्या मदतनिसाला, गाउसहून आठच वर्षांनी मोठ्या बार्टेल्सला, त्याच्याबरोबर बसू दिलं. स्वतः सगळं शिकवता येत नसेल तर पुस्तक आणि सोबती मिळवून देणं हेही शिक्षकाचंच काम. ब्यूटनर यांना ते जमलं.

आपल्या वर्गात

आता शेळ्या-कोंबड्यांच्या त्या पेपरकडे येऊ. बाईंनी मधल्या सुट्टीत किंवा ऑफ तासाला मुलीला एकटीला बोलवावं. मानाचा प्रश्न चाळीस जणांसमोर सुटत नाही. आधी तिची युक्ती तिच्याच तोंडून ऐकावी आणि मग शेजारी दोन समीकरणं मांडावीत. डोकी ३५, म्हणून एक्स अधिक वाय बरोबर ३५. पाय ९४, म्हणून चार एक्स अधिक दोन वाय बरोबर ९४. मग विचारावं, "तू सगळ्यांना दोन पायांवर उभं केलंस म्हणजे या पहिल्या समीकरणाचं काय केलंस?" दोनाने गुणलं. "आणि उरलेले २४ कुठून आले?" वजाबाकीतून. दोन एक्स बरोबर २४. मुलीची रीत आणि पुस्तकातली रीत एकच आहे. तिने दोन पायऱ्या मनात केल्या, एवढाच फरक. हे कळल्यावर तिला पुस्तक शत्रू वाटत नाही आणि बाईंना तिचं उत्तर उद्धटपणा वाटत नाही.

मग कारण सांगावं, आणि ते दाखवावं. एक गंमत तिला घरी करायला द्यावी. कोणतीही पूर्ण संख्या घे, तिचा वर्ग कर, त्यात तीच संख्या मिळव, वर ४१ मिळव. १ घेतला तर ४३, २ घेतले तर ४७, ३ ला ५३, ४ ला ६१. सगळ्या मूळ संख्या. ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते, आणि एवढं तपासल्यावर कोणीही हुशार मूल छातीठोकपणे सांगेल की नियम सापडला. ४० घेतले की १६८१ येतात, म्हणजे ४१ गुणिले ४१. नियम कोसळला. अठराव्या शतकातल्या गणितज्ञ ऑयलरची ही राशी आहे. 'मला दिसतंय' आणि 'मला सिद्ध करता येतं' यांतलं अंतर ती एका संध्याकाळी शिकवते. पायऱ्या परीक्षकासाठी असतातच, पण त्या मुळात स्वतःची फसगत टाळण्यासाठी असतात. कारण असं पोहोचलं की हुशार मूल ते सोडत नाही.

तिसरी गोष्ट करार. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली कल्पना साधी आहे: जे मुलाला येतं त्याची खात्री करून घ्या, तेवढा सराव कमी करा आणि वाचलेल्या वेळात अवघड काम द्या. बाईंनी सांगावं, "संग्रहातली शेवटची पाच अवघड उदाहरणं पायऱ्यांसकट बरोबर सोडवलीस तर आधीची वीस नाही केलीस तरी चालतील. उरलेल्या वेळात हे कोडं घे." मुलीने कबूल करावं की पेपरात पायऱ्या पूर्ण लिहीन आणि वर्गात शंका असली तर 'चुकलं' न म्हणता 'असंही करता येईल का, बाई?' असं विचारीन. अशी विचारणा शिकवणं म्हणजे मुलाला नमवणं नव्हे. आयुष्यभर त्याला आपलं म्हणणं वरिष्ठांपुढे आणि सहकाऱ्यांपुढे मांडायचं आहे, त्याची ती तालीम आहे. इतर मुलांसमोर मात्र तिला 'बघा, ही कशी करते' म्हणून मिरवू नये. त्यातून तिला शत्रू मिळतात.

पालकांचं काम आवरतं घेण्याचं आहे. जेवणाच्या ताटावर शिक्षकांची टिंगल झाली की दुसऱ्या दिवशी वर्गात तीच मुलाच्या चेहऱ्यावर दिसते. भेटायला जाताना तक्रारीऐवजी वही घेऊन जावं आणि "बाई, हिला काय दिलं तर गुंतून राहील?" असं विचारावं. मुख्याध्यापकांकडे जायचं ते शिक्षकांशी बोलून झाल्यावर. अर्थात, हुशारीचा राग म्हणून मुलाला मारलं जात असेल, सतत पाणउतारा होत असेल किंवा मुद्दाम गुण कापले जात असतील, तर तो समेटाचा विषय राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. अशा वेळी लेखी तक्रार करणं आणि शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत जाणं हेच योग्य.

बुद्धिमान मुलांसाठी स्वतंत्र शिक्षणाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती याच हेतूने. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही विशेष गती असलेल्या मुलांचा वेगळा उल्लेख आहे. पण अशी बहुतेक मुलं आजही साध्या शाळेतल्या भरगच्च वर्गातच बसतात आणि बसत राहतील. त्यांचं शिक्षण त्या वर्गावरच्या शिक्षकांच्या हातात आहे. ते वयाने, अनुभवाने आणि अधिकाराने मोठे आहेत, म्हणून पहिलं पाऊल त्यांनी उचलायचं. कोण जिंकलं हे समेटाचं माप नाही. मुलगी पुन्हा हात वर करू लागली, तिच्या वहीत पायऱ्या दिसू लागल्या आणि तिचा पुढचा अवघड प्रश्न ऐकून बाईंना वैतागाऐवजी उत्सुकता वाटली, तर भांडण खरंच मिटलं असं समजावं.